चिलापीचं रक्त

हिप्परग्याच्या तळ्यावरून नागनाथ भोई
झाकणाच्या बादलीत चार चिलापी आणून देतो.
"मेल्या तर पैसे नकोत," म्हणतो,
आणि आधीच मोजून घेतो.

लवंगेच्या तेलाच्या पाण्यात मासा हळूहळू कलंडतो.
शेपटीच्या मुळाशी सुई.
अर्धा मिलिलिटर, जास्त नाही.
मग ताज्या पाण्यात त्याला धरून पुढं-मागं नेत राहायचं,
कल्ले स्वतःहून हलेपर्यंत.
हे पुस्तकात नाही. नागनाथनं शिकवलं.

काचेवर थेंब, रंग, पंख्याखाली वाळवण.
भिंगातून दिसतात
लंबगोल, पावट्याच्या दाण्यासारख्या,
आणि प्रत्येकीच्या पोटात जांभळा ठिपका.

आपल्या रक्तात तो नसतो.
आपली तांबडी पेशी हाडाच्या मगजातून निघतानाच
केंद्रक टाकून येते.
तेवढीच जागा होते प्राणवायूला.
बारावीला बाईंनी फळ्यावर लिहिलं होतं,
तांबडी पेशी म्हणजे हमाल.
एका मार्काचं उत्तर.

माशाची टाकत नाही.
ओझं वाहते आणि सोबत वाचतेही.
विषाणू शिरला की ओळखते,
आतली वही उघडते,
शेजारणींना निरोप धाडते:
सावध.
इतकी वर्षं तिला कुणी विचारलंच नाही.
हमालाला कोण विचारतं?

साडेसहाला विडी घरकुलात पोचते.
आई उंबऱ्यात, मांडीवर सूप.
पान, तंबाखूची चिमूट, दोरा,
नखानं दुमडलेलं तोंड.
बोटांकडं बघतसुद्धा नाही.
आठशे झाल्या, दोनशे राहिल्या,
आणि तेवढ्यात मला सांगते,
पलीकडच्या लच्चव्वाच्या नातवाचा खोकला आज बदललाय,
कालचा नव्हं हा,
दवाखान्यात ने म्हणून सांगून आले.
आणि नवा चेकर छाट फार काढतोय,
उद्या गल्लीतल्या साऱ्याजणी मिळूनच जाणार कारखान्यात.

तुला कुणी सांगितलं?

"सांगाया कशाला पाहिजे कुणी?
हात गुंतलेत. कान मोकळेच हैत की."

दोनदा धुतले तरी माझ्या बोटांचा
लवंगेचा वास गेलेला नाही.
तिच्या बोटांचा तंबाखू तर
माझ्या जन्माआधीपासूनचा.

कोपऱ्यात तिचं पासबुक पडलंय.
कामाचा प्रकार, असा एक रकाना आहे त्यात.
पुढं लिहिलंय: विड्या वळणे.

त्यानंतर रकाना नाही.