दहा मिनिटांची कोंबडी

दारामागे स्टीलची वाटी आहे,
तळाला आईचं नाव टिंबाटिंबांनी कोरलेली.
तिच्यात किल्ली, बसचा पास, चष्मा.
कितीही पाहुणे आले तरी वाटी हलवायची नाही.
नियम इशबेलचा, वाटी माझी.

दर गुरुवारी साडेचारला
डंडीतल्या नेदरगेटवरचा एक अरुंद जिना चढते.
(दोनदा बुधवारी गेले.)
का विसरलात, असं ती विचारत नाही.
विचारते, वस्तू डोळ्यांसमोर होती का?

त्रेचाळीस वर्षांत हा प्रश्न कुणी केला नव्हता.
विचारायचे ते: लक्ष कुठे असतं तुझं?
आणि खरं सांगायचं तर
ते असायचंच कुठेतरी,
पंख्याच्या चौथ्या खरखरीत,
बाईंच्या साडीच्या उसवलेल्या फॉलमध्ये,
मृगजळ या शब्दातल्या
पाणी न मिळालेल्या त्या हरणात.

प्रगतिपुस्तकात लाल शाईने: हुशार, पण धांदरट.
तो ‘पण’ मी तेवीस किलोंच्या बॅगेतून
इथवर आणला.
काट्यावर वजन भरलं नाही,
कुणी अडवलं नाही.

वहीत ‘आळशी’ लिहू नका, इशबेल म्हणते,
काय घडलं ते लिहा.
म्हणून लिहिते:
किटली तीनदा उकळली. चहा झाला नाही.
मध्ये टे नदीवरच्या पुलाचे खांब मोजले,
सत्तेचाळीसला फोन वाजला,
पुन्हा एकपासून मोजले.

आज पाकिटांचा दिवस.
ओव्हनखालच्या खणात कोंबलेली,
न फोडलेली, तपकिरी, खिडकीवाली,
कौन्सिलची, बँकेची, कुणाकुणाची.
सगळी नकोत, फक्त पाच, असं ठरलंय.
मी मनात त्याचं मराठी केलं: ताट नको, घास.

चॅरिटी दुकानातून पन्नास पेन्सला आणलेला
कोंबडीच्या आकाराचा टायमर.
मान पिरगाळली की दहा मिनिटं टिकटिकते बिचारी.

पहिलं, वीज.
दुसरं, वीज, जरा चिडलेली.
तिसरं, दाताच्या दवाखान्याचं.
तो दात आता नाही.
चौथं:
प्रिय मिस केळुसकर,
लक्ष न लागण्याच्या तक्रारीसंबंधी
आपल्या तपासणीची वेळ ठरली आहे.
न आल्यास नाव यादीतून काढलं जाईल.

तारीख, दोन वर्षांपूर्वीचा मार्च.

म्हणजे मग मी पुन्हा रांगेत शेवटून उभी राहिले होते,
आणि मला वाटलं होतं रांगच तेवढी लांब आहे.

स्वयंपाकघराच्या फरशीवर बसले.
रडू येईल म्हणून थांबले जरा.
आलं ते हसू, आधी नाकातून,
मग इतकं, की भिंतीपलीकडच्या रोरीनं
काठी ठोकली.
तेवढ्यात कोंबडी ओरडली.

पाचवं राहिलं.
वहीत लिहिलं: चार.
पुढे ‘फक्त’ लिहायला पेन टेकलं,
एक टिंब उमटलं,
ते तसंच ठेवलं.

पत्र इशबेलला दाखवायचंय,
म्हणून चार घड्या घालून
वाटीत ठेवलं, किल्लीखाली.
आज बुधवार आहे.
दोनदा पाहिलं.