चारशे पंचावन्न

दारव्ह्याच्या शालिक काकाच्या दुकानातलं घड्याळ बंद आहे,
पण चारशे पंचावन्न चुकत नाही.
पिवळी, पांढरी, काळी: नखाएवढ्या डब्या,
प्लास्टिकच्या काडीनं तो त्यांचा पाव आटा फिरवतो
उजवा कान स्पीकरला टेकवून.
डावा जिनिंगच्या भोंग्यानं नेला, सत्त्याऐंशी साली.

"गाडी लाडखेडची असो का बोरी अरबची,
काटा एकच," म्हणतो. "सारा कापूस तेथंच मोजते.
स्टेशन सहाशेवर असो का हजारावर,
आतला ऑसिलेटर तेवढंच अंतर राखून पुढं चालते
आन् सगळ्याईले आणून टाकते चारशे पंचावन्नवर.
मंग डबीले दुसरं शिकाचं कामच नाई."

आणि चोर?
"हाये ना. ऑसिलेटरच्या पल्याडही
तेवढ्याच अंतरावर एखादा उभा रायते.
त्याचीही गाडी याच काट्यावर चढते.
बाजारभाव ऐकता ऐकता भजन येते."

मी बोटाएवढं डोंगल लॅपटॉपला लावते.
यात डब्या नाहीत, मधला मुक्काम नाही,
लाट थेट शून्यावर उतरते
आणि शून्याच्या डावीकडेही वस्ती असते.
"शून्याच्या खाली कोण बोलते, पोरी?"
काडी कानामागे खोचून तो हसतो.

मग मी त्याचीच सायकल उलटी करते.
चाकाच्या रेषेत कंदील. भिंतीवर पायडलची सावली:
वर, खाली, वर.
सांगा, पुढं फिरतंय का मागं?
बराच वेळ पाहतो. शेजारचा पानवालाही येऊन पाहतो.
"नाई सांगता येत."
वरून टॉर्च धरते. जमिनीवर दुसरी सावली,
पहिलीच्या पाव फेरा मागे.
पायडल उलटं मारलं,
तर तीच पाव फेरा पुढे.

"म्हंजे एक साक्षीदार खोटा नसते," तो म्हणाला,
"अर्धा असते."
बराच वेळ मग सोल्डरचा धूर नुसता वर जात राहिला.

संध्याकाळी चहा घेऊन आले,
दारातून हाक मारली, काका.
तो उजवीकडे वळला,
जिथं फक्त उघडे पडलेले रेडिओ होते.
थांबला.
"पुन्हा बोल," म्हणाला,
आणि मान पाव फेरा वळवून
तशीच धरून राहिला.