पहिले पाचशे

सीटवरचं प्लास्टिक काढायच्या आधी
मकोखानं टाकीवर बोटं वाजवली.
"पहिले पाचशे किलोमीटर
काटा पन्नासच्या पुढे नाही.
मागे माणूस नाही, पोतं नाही.
आणि एकाच वेगात दळण दळत बसू नकोस,
चढव, उतरव, पुन्हा चढव.
आत लोखंड लोखंडाला नवखं आहे अजून."

पतसंस्थेचा हप्ता रोजचा साडेचारशे शिलिंग.
त्याला नवखं-जुनं कळत नाही.

इतेनच्या कमानीखाली स्टँडवरची पोरं खिदळली,
"किपरुगुत, गाडी चालवतोस की चरायला नेतोस?"
जेरोतिच मावशी दुधाचे दोन कॅन घेऊन उभी.
मी नुसती मान हलवली.
ती काही बोलली नाही,
दुसऱ्याच्या गाडीवर बसताना
कॅनचं झाकण मात्र जरा जोरात लावलं.

मग रिकामाच फिरलो.
चढण दुसऱ्या गियरमध्ये,
इंजिनाला गुदमरू न देता;
केरिओ दरीच्या वळणांवर उतरताना थ्रॉटल मिटून,
त्याला उलटा श्वास घेऊ देत.
तीस. पंचेचाळीस. पस्तीस. पन्नास. पुन्हा तीस.
तिसऱ्या दिवशी लक्षात आलं,
ही चाल माझ्या ओळखीची आहे.

चुमो सर सायकलवरून शिट्टी वाजवायचे:
त्या खांबापर्यंत जोर, पुढच्या खांबापर्यंत सैल.
आणि मी सैल पडायचोच नाही.
सतरा वर्षांचा होतो.
इटलीहून आलेला एजंट फाटकाला टेकून
घड्याळ बघत उभा असायचा.
सर म्हणायचे, "हाडं अजून ओली आहेत रे,"
मला ते म्हातारपणाचं बोलणं वाटायचं.
उतावळ्यानं बाशिंग बांधावं
तसं मी सगळं उजव्या गुडघ्याला बांधलं,
तोरिनोचं तिकीट, आईचं पत्र्याचं छप्पर,
धाकट्या दोघींची फी.
एकविसाव्या वर्षी तो वाजू लागला.
डॉक्टरनं फोटो दिव्यासमोर धरला
आणि विचारलं, दुसरं काय येतं तुला?

पाचशे तीन.
मकोखानं खालचा बोल्ट सोडला,
तेल ऊन ऊन, काळपट, डब्यात उतरलं.
दोन बोटं बुडवून त्यानं उन्हात धरली.
चकाकी. चांदीची वस्त्रगाळ पूड.
माझ्या पोटात गोळा आला.
"बिघडलं?"
"छे. हे झडायलाच हवं होतं.
हळू झडलं म्हणून भिंत साफ राहिली.
घाई केली असतीस तर यानंच
आत ओरखडे काढले असते."
ते तेल त्याच्या बायकोनं
कुंपणाच्या खांबांना फासायला नेलं, वाळवीसाठी.
मी बोटं तीनदा धुतली,
रेषांमधली चकाकी काही गेली नाही.

"आता मोकळा आहेस," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मावशी मागे,
कॅन दोन बाजूंना.
पन्नास, पंचावन्न, साठ,
आणि कुठे कुरकुर नाही.
मग वळणानंतर थंडीत धावणाऱ्या पोरांचा जथा,
लाल मातीवर सगळ्या पायांचा मिळून एकच आवाज.
धूळ उडू नये म्हणून थ्रॉटल सोडला.
सगळ्यांच्या पुढे एक कोवळा पोरगा,
दात आवळलेले, खांदे कानांपर्यंत,
पहिल्याच मैलात सगळं उधळत चाललेला.

त्याच्या बरोबरीनं आलो.
तोंडाशी आलं होतं, दमानं.
तो माझ्याकडे बघून हसला
आणि आणखी जोरात पळाला.

मावशी म्हणाली, "चल की. दूध नासेल."