चौदा किलो

फोन आला गुरुवारी, वाटाण्याचं सूप उतू जात असताना.
मंगळवारी निघा, बाई म्हणाली,
शुक्रवारी सकाळी पास्तोच्या कचेरीत हजर राहा, दोघंही.
चार वर्षं वाट पाहिली होती
आणि आता हातात चार दिवस.

मी शेगडी बंद केली.
ओस्मो म्हणाला, "अंगणातला बर्फ कोण उपसेल?"
मी चिडले नाही.
मलाही आधी मांजरच आठवलं होतं.

पिर्कोकडे किल्ली दिली, मांजर दिलं, फावडंही दिलं.
तिने काहीच विचारलं नाही, नुसती हातमोजे शोधत राहिली
दोन्ही हातांत असलेले.

अहवाल मार्चमधला. आज नोव्हेंबर.
यूलिएथ. उंची पंच्याण्णव सेंटीमीटर.
वजन चौदा किलो.
आवड: कोंबड्या.
भीती: (कोरं)

बुटांच्या दुकानातली पोर म्हणाली, "मुलीचा पाय केवढा?"
मी तीन मापांचे तीन जोड घेतले.
ही कसली आई, असं ती म्हणाली नाही.
ते मीच म्हणाले, बाहेर येऊन,
गाडीच्या काचेवरचं दव खरवडताना.

फ्रिजवर चिठ्ठ्या:
आग्वा म्हणजे पाणी.
दुएले, दुखतंय.
नो तेंगास मिएदो, भिऊ नकोस.
ओस्मोच्या तोंडात ते शब्द
बर्फावरून ओढलेल्या खुर्चीसारखे येतात.
मीच घाबरले, तर ती का नाही घाबरणार?
"हळू म्हण," मी सांगते. तो हळू म्हणतो.
खुर्ची हळू ओढली जाते.

आणि दोन्या नूबिया.
दोन वर्षं जिच्या कुशीत हे लेकरू झोपलं
तिला आपण काय न्यायचं?
मी आत ठेवला काचेचा पक्षी. काढला.
दलदलीतल्या केशरी फळांचा मुरंबा. काढला.
ओस्मोने आणले कॉफीचे दोन पुडे.
"कोलंबियाला? कॉफी?"
मी इतकी हसले की बॅगेवरच बसले,
मग कधीतरी ते हसू राहिलं नाही
आणि तो पुडे हातात धरून उभा.

शेवटी आईच्या हातमागावरचा टॉवेल ठेवला
आणि त्यात गुंडाळून एक कागद, नुसत्या प्रश्नांचा:
कुठल्या कुशीवर झोपते?
रात्री उठली तर तुम्ही काय म्हणता?
कोंबड्यांची नावं काय?
खाली निम्मं पान सोडलं.
तिलाही काही विचारायचं असेल.

सोमवारी रात्री मी जागी झाले, शेजारी अंथरूण रिकामं.
स्वयंपाकघरात दिवा.
ओस्मो पाठपिशवीत बटाटे भरून
तोलकाट्यावर चढत होता, उतरत होता,
चौदा भरल्यावर पिशवी पोटाशी धरून
टेबलाभोवती फेऱ्या घालू लागला.
एकदा खिडकीपाशी थांबला,
बटाट्यांना बाहेरचा बर्फ दाखवला.

मी दारातच उभी राहिले.
त्याला वाटलं मी हसेन.
"हात भरून येतो," तो म्हणाला, "पण जमेल."

चार वाजता टॅक्सीचे दिवे अंगणात आले.
मी पासपोर्ट मोजले, पुन्हा मोजले, दोनच तर होते.
पत्रांवरचे शिक्के, लसींचे दाखले, तीन जोड बूट.
ओस्मो कोट घालून परत आत गेला.
"आता काय राहिलं?"

पिशवी उचलून पाहत होता.
"मार्चमधलं वजन आहे ना ते," म्हणाला,
आणि टोपलीतले आणखी दोन बटाटे
आत टाकले.