अडतीस वेढे

जांबोटीच्या जुन्या सोसायटीच्या गोदामात
भरतो आमचा वर्ग.
पोती कधीच गेली, युरियाचा वास राहिला.
दारावरची पाटी कानडीत,
खाली खडूनं कुणीतरी मराठीत: युवक प्रशिक्षण केंद्र.
त्यात ‘युवक’नंतर तिरकं कोंबलेलं ‘व युवती’
माझ्या हातचं.

शिवणाला मुली सत्तावीस.
मधमाश्यांना नऊ जण, त्यातले दोघे
पहिल्याच दिवशी सुजून घरी गेले.
मोटार वाइंडिंगला मुलगे अकरा, आणि मी.
फॉर्म घेताना कारकून म्हणाला,
‘खूण भलत्याच चौकोनात पडलीय की गं.’
मी म्हटलं, ‘पडली नाही. केलीय.’

शिकवतात इराण्णा हुद्दार सर, बैलहोंगलकडचे.
मराठी त्यांना येतं,
फक्त मोजताना येत नाही.
वंदु, एरडु, मूरु...
तांब्याची तार फर्म्यावर चढत जाते
आणि मी मनात एक, दोन, तीन.
एका खाचेत अडतीस वेढे.
कमी भरले तर मोटार तापते,
जास्त भरले तर खाच ते घेत नाही.
‘मूवत्तेंटु,’ सर म्हणाले.
‘अडतीस,’ मी म्हटलं.
त्यांनी तार तोडली.

पहिला महिनाभर माझे कमीच भरायचे.
तिसाच्या आसपास चोर्ल्याकडची बस हॉर्न द्यायची
आणि आकडा सुटायचा.
त्याच बसनं मधू घाडी गेला,
मोबाइल दुरुस्तीचं सर्टिफिकेट प्लास्टिकात घालून,
म्हापशाच्या हॉटेलात ताटं पुसायला.
फोन करतो अधूनमधून.
म्हणतो, मालकाचा फोन मीच उघडून दिला,
बॅटरी फुगली होती.
हे तो दोनदा सांगतो.

माझा भाऊ परशराम पहाटे धावतो,
डांबरावर, अनवाणी.
भरतीला धावण्यात पास झाला,
छाती एक सेंटीमीटर कमी भरली.
आईनं विचारलं, ‘सेंटीमीटर म्हंजे केवढं?’
मी दोन बोटांत धरून दाखवलं.
ती बराच वेळ माझ्या बोटांकडं बघत राहिली.
‘एवढ्यासाठी?’

वेढे बसले की खाचेचं तोंड बंद करायचं
बांबूच्या चपट्या खुंटीनं.
मुलांच्या खुंट्या मोडत, तारेला चरे पाडत.
आम्ही बुरूड. आई सुपं विणते.
कोयता कुठं दाबायचा, कुठं नुसता टेकायचा
हे मला कुठल्या वर्गात शिकावं लागलं नाही.
सरांनी एक खुंटी उजेडात धरली.
‘यारु माडिद्दु?’ मग स्वतःच, ‘कुणी केलीय?’
मागून आवाज आला, ‘बुरडाचीच ती, येणारच की.’
सर म्हणाले,
‘तुझ्या घरी शेत हाय न्हवं? मग तुला नांगर का धरता येईना?’
कुणी हसलं नाही.
मीही नाही.
दुसऱ्या दिवशी मुलांनी आपापले बांबू
माझ्या बाकावर आणून ठेवले, गुपचूप.
मी पाचच तासले.
बाकीच्यांना म्हटलं, कोयता घ्या, बसा.

मार्चच्या शेवटी दत्तू नाईकांची मोटार जळली.
मिरचीची रोपं माना टाकून.
ती मोटार माझ्या वाट्याला आली:
जळकी तार उपटणं, कागद, वेढे, खुंट्या,
वार्निश, मग दिवसभर भट्टीत.
घरी आले तर हाताला असा वास
की आईनं भाकरी मला थापू दिली नाही.

विहिरीवर जोडणी केली. बटण दाबलं.
मोटार गुरगुरली,
पण पाइप लांब, पाणी यायला वेळ लागतो.
तेवढ्यात मी मोजायला लागले,
आणि एकवीसला लक्षात आलं
की मी ‘इप्पत्तोंदु’ म्हणतेय.

पाइप खोकला. आधी हवा, मग गढूळ, मग पाणी.
नाईकांनी खिशातून नोटा काढल्या,
थुंकी लावून मोजल्या, सरांपुढं धरल्या.
सर पाठमोरे, त्याच पाण्यात हात धूत होते,
ग्रीस काही निघत नव्हतं.
नोटांचा हात तसाच हवेत.
मी पक्कड पिशवीत टाकली
आणि पुढं झाले.