मागचं पेडल

जानेवारीतला रविवार. लँकेस्टरचा दिवस
नऊ वाजले तरी अंथरुणातच.
शेजारच्या क्लिफर्डनी दार वाजवलं:
"दोन तास मोकळी आहेस का?
ती एकट्यानं चालवता येत नाही."

ती म्हणजे सायकल. लांबलचक, बाटलीसारखी हिरवी,
दोन सीट, चार पेडलं,
गॅरेजात चादरीखाली तीन हिवाळे.
मागची सीट त्यांनी दोन बोटं खाली घेतली.
नट आवळता आवळता म्हणाले,
मॅरियन उंच होती.
तेवढंच.

मी मिरजेची. मागं बसणं मला ठाऊक होतं ते असं:
भावाच्या सायकलचं कॅरिअर, दोन्ही पाय एका बाजूला,
मांडीवर दप्तर, ओढणी चाकापासून सांभाळायची,
चढ आला की उतरायचं, पोलीस दिसला की उतरायचं,
बाकी वेळ ओझं व्हायचं, हलायचं नाही.
डबलसीट.

इथं मागच्यालाही काम.
"मधेच थांबवायचे नाहीत पाय," ते म्हणाले, "थांबतच नाहीत.
तुझी साखळी माझ्या साखळीला बांधलीय."

पहिला मैल मी नुसतं त्यांचं जॅकेट पाहिलं.
पाठीवर उसवलेली चीर, काळ्या कापडाला निळा दोरा,
टाके पुरुषी, लांब लांब.
हँडल माझ्याही हातात होतं, पण वळत नव्हतं,
जत्रेतल्या पाळण्याला असतं तसं, धरण्यापुरतं.

मग हळूहळू बाजू दिसू लागल्या.
ल्यून नदी, पोट फुटेस्तोवर प्यालेली,
दूध कमी पडलेल्या चहाच्या रंगाची.
गवताला खडेमीठ लागलेलं.
तारेत अडकलेली लोकरसुद्धा गारठून ताठ.
कधी काळी इथून आगगाडी जायची; रूळ गेले,
हॉल्टनचा फलाट तेवढा राहिला,
कुणी उतरेल म्हणून नाही, उगाच.
पुढं एक बगळा पाण्याकडे असा बघत होता
जणू पाण्यानं उसने घेतलेत.

"बंप!" क्लिफर्ड ओरडायचे,
प्रत्येक खड्ड्याच्या अर्धा श्वास आधी.
मी बूड उचलायची.
या देशात बावीस वर्षं झाली,
खड्ड्याची आगाऊ खबर पहिल्यांदाच मिळत होती.

नदी जिथं कोपर वाकवते तिथं टपरी.
त्यांना बेकन रोल, मला अंड्याचा, दोघांना चहा.
हातमोजे काढले तर बोटं आमसुलासारखी.
"बत्तीस वर्षं बसली मागं," कपात बघत म्हणाले,
"चढावर नुसते पाय फिरवायची. जोर काही नाही.
मला कळायचं. इथं," आणि मांडीवर थाप मारली.
कधी बोलला नाहीत?
"कशाला? ती बोलायची ना.
चढ संपेपर्यंत बोलायची."

परतीला वारा समोरून. समोरून म्हणजे त्यांच्या समोरून,
मला आडोसा होता.
नाक पुसायला हात मोकळा, हेही एक सुख.
कालव्याचा पूल गेला, गाव आलं,
आणि आमच्या गल्लीचा तो चढ,
जिथं पोस्टमनही गाडीवरून उतरतो.

दिवसभर मी इमानानं रेटलं होतं.
चढाच्या मध्यावर सोडून दिला जोर.
पाय फिरत राहिले आपोआप,
दुसऱ्याच्या घरच्या पाहुण्यासारखे.
आणि श्वास शिल्लक होता म्हणून बोलू लागले:
भाऊ, कॅरिअर, ओढणी,
किल्ल्यापाशी पोलिसानं हवा सोडलेलं चाक,
मग आम्ही चालत कसे गेलो, शाळा कशी बुडाली,
काहीही, लागेल तेवढं.

पुढची पाठ वाकली. निळा दोरा ताणला.
बराच वेळ काही नाही, साखळीची कुरकुर फक्त.
मग खांदे हलू लागले.
हसणं की धाप, मागून कळत नाही.

"बंप," ते म्हणाले.
रस्ता गुळगुळीत होता.
मी बूड उचललं.