खालचा आकडा

वडगावच्या सरकारी दवाखान्यात
गौरव्वा सिस्टर दंडाला पट्टा गुंडाळते,
फुगा दाबते, कान देऊन ऐकते
आणि सांगते:
नूर अरवत्तु. नूर.
मी मनातल्या मनात मराठी करून घेतो.
एकशे साठ. शंभर.
भाषा बदलली म्हणून आकडा काही उतरत नाही.

उप्प कम्मी माडरी काका, म्हणते ती.
मी हो म्हणतो.
दोन्ही भाषांत हो म्हणायची सवय आहे मला.

ताण म्हणजे काय
ते मला मागवाल्याला कुणी शिकवू नये.
बीमावरचा ताणा जास्त ओढला
तर तार तुटते, आधी एक, मग तिची शेजारीण.
सैल सोडला तर साडीला अंग राहत नाही.
बोट नुसतं टेकवलं की कळतं मला
कुठं घट्ट, कुठं ढिलं.
स्वतःच्या दंडातलं मात्र कळलं नाही.
दुखतच नाही ते.

दुखत नाही म्हणून तर सोडली होती गोळी,
लग्नसराईत.
नव्वद साड्या द्यायच्या होत्या शेठला.
गोळ्यांची पट्टी खिळ्याला लटकत राहिली
साडेचार महिने, पाळीची चावी लटकावी तशी.
मग एका सकाळी शेजारच्या यल्लुप्पाच्या
उजव्या हातातून चहाचा कप सुटला.
तो कपाकडं बघत राहिला
जसा कप दुसऱ्याच कुणाचा,
हातही.
त्यालाही दुखत नव्हतं.

त्या रात्री सुभद्रानं काही विचारलं नाही.
भाकरीच्या पिठातलं मीठ काढलं.
पापड शेजारी वाटले.
लोणच्याची बरणी काकतीला पाठवली लेकीकडं,
पदर बांधून, नांदायला पाठवावी तशी.
आणि स्वतःही तेच जेवायला बसली, अळणी.
मी म्हटलं, तू कशाला?
तर म्हणाली, दोन चुली कोण पेटवणार.

पहिले पंधरा दिवस
ओलं सूत चावत होतो.
मग एका दुपारी घेवड्याला
घेवड्याची चव लागली.
एवढंच.

पहाटे येळ्ळूर रस्त्यानं चालतो.
दोन्ही अंगांना भाताची शेतं,
राजहंसगड धुक्यात अर्धा.
वाटेत एक पाटी आहे,
तिच्यावरची एक ओळ कुणीतरी डांबरानं पुसलेली,
एका वर्षी ही, एका वर्षी ती.
पूर्वी तिथं आलो की डोकं तापायचं.
आता चालत राहतो, श्वास मोजत.
थोडं तापतंच अजून. खोटं कशाला बोलू.

गोळी शर्टाच्या गुंडीहून लहान.
सात वाजता. आधी गोळी, मग मागाचं बटण.
नात कन्नड शाळेत जाते, तिला काम दिलंय:
मराठी कॅलेंडरवर रोज एक खूण.
ती खूण करते आणि शेजारी
आपल्या शाळेतला आकडा काढते, गोल गोल, जिलबीसारखा.
रविवारी माझ्या आधी उठून बसते,
आजोबा, चुकवलास काय?

परवा मी सिस्टरला विचारलं,
वरचा आकडा समजला, हा खालचा कशाचा?
ती पट्टा सोडवत होती.
काळीज दोन ठोक्यांच्या मधी
जरा टेकतं ना काका,
तेव्हाचा.
मग न विचारताच म्हणाली,
कमी आलंय म्हणून बंद करायची नाही.
नूर मूवत्तेंटु. एंबत्तारु.

काल दुपारी करंट गेला.
गल्लीतले सगळे माग एकदम थांबले,
धोटे जिथल्या तिथं.
इतकी शांतता
की पलीकडच्या घरातली
फोडणी ऐकू आली.
मी सुताच्या गठ्ठ्याला पाठ लावून बसलो.
चाळीस वर्षं ही वेळ
मी शिव्या देण्यात घालवली होती.

करंट आला.
खटाखट सुरू झाली, एकेक घर करत.
पोरगं म्हणालं, बाबा, बटण?

दाबतो की, म्हटलं.
थांब जरा.